वसईचा अपक्ष आमदार

पश्चिमेस अर्नाळ्यापासून किल्ल्यापर्यंत पसरलेल्या केळी-पानवेलींच्या वाड्या, मध्ये लोहमार्गाच्या आधाराने वाढलेली विरार-नालासोपाऱ्याची दाट वस्ती आणि पूर्वेस तुंगारेश्वराच्या डोंगरापलीकडील कातकरी-वारल्यांचे पाडे, असे तीन भिन्न प्रदेश ज्या एका तालुक्यात नांदतात, त्या वसईने २००९ साली श्री. विवेक पंडित यांना कोणत्याही पक्षाच्या चिन्हाविना विधानसभेत पाठविले. या घटनेचा उगम त्या वर्षीच्या प्रचारसभांत नव्हे, तर तीस वर्षांपूर्वीच्या डोंगरपट्टीत शोधावा लागतो.

लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या क्षुल्लक रकमेच्या मोबदल्यात नवराबायकोने वर्षानुवर्षे त्याच्या घरी व शेतावर राबावे, या प्रथेला ठाणे जिल्ह्यात लग्नगडी म्हणत. १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी तिच्यावर घाव घातला. तरी वसई-भिवंडीच्या पाड्यांतून वेठीची मुळे पुरती उखडली गेली नव्हती. संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली आणि १९७६ च्या अधिनियमाने वेठीस कारण झालेले कर्जच रद्द ठरविले. परंतु ज्याला आपले कर्ज कायद्याने बुडाले आहे हेच ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने तो अधिनियम सरकारी दप्तरातील कागदापलीकडे काय होता?

विवेक पंडित आणि त्यांच्या पत्नी विद्युल्लता पंडित यांनी १९७९ मध्ये विधायक संसद ही संस्था स्थापन केली, आणि पुढे लवकरच श्रमजीवी संघटना उभी राहिली. त्यांची कार्यपद्धती साधी, परंतु चिवट होती: वेठबिगाराचा शोध घ्यावयाचा, त्याच्या मनातील मालकाची धास्ती घालवावयाची, त्याचा जबाब सरकारदरबारी नोंदवून मुक्ततेचा दाखला मिळवावयाचा आणि पुनर्वसनासाठी सरकारी कचेरीचा पाठपुरावा सोडावयाचा नाही. मुक्त झालेला माणूसच पुढे संघटनेचा सभासद होई आणि दुसऱ्याच्या मुक्तीसाठी मोर्चात उभा राही, यातच या चळवळीचे खरे बळ होते. दिवाळी सरली की उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची शाळा सुटते, म्हणून विधायक संसदेने भट्टीवरच शाळा नेली. मजुरांच्या झोपडीस भोंगा म्हणतात, त्यावरून ती भोंगाशाळा म्हणून ओळखली गेली. १८३९ साली स्थापन झालेल्या लंडनच्या गुलामगिरीविरोधी संस्थेने १९९९ मध्ये या दांपत्यास आपला पुरस्कार दिला.

डोंगरपट्टीतील या कार्यास पश्चिमेच्या गावांचे बळ मिळाले ते महानगरपालिकेच्या निमित्ताने. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका व ५३ गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. करांचा बोजा वाढेल, बागायती जमिनींवर इमारती चढतील आणि ग्रामसभेचा अधिकार जाईल, या भीतीने अनेक गावे विरोधात उठली. जनआंदोलन समितीच्या झेंड्याखाली आणि शिवसेना-भाजप युतीच्या पाठिंब्याने पंडित उभे राहिले, आणि १९९० पासून श्री. हितेंद्र ठाकूर ज्या मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करीत होते, तेथे ठाकूर यांच्या बहुजन विकास आघाडीचे उमेदवार श्री. नारायण मानकर यांचा त्यांनी पराभव केला.

अपक्ष आमदारावर पक्षादेशाचे बंधन नसते. परंतु त्याच्यामागे पक्षाचे संख्याबळही नसते, आणि निवडून आल्यावर तो एखाद्या पक्षात शिरला तर पक्षांतरबंदीच्या तरतुदीने त्याचे सदस्यत्वच संपुष्टात येते. २०११ मध्ये शासनाने महानगरपालिकेतून २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला खरा. पण प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. २०१४ मध्ये ठाकूर यांनी ही जागा परत जिंकली. पंडित यांच्याकडे पुढे आदिवासी विकासाच्या राज्यस्तरीय आढावा समितीचे अध्यक्षपद आले; तर २०२४ मध्ये त्यांच्या कन्या स्नेहा दुबे-पंडित यांनी भाजपच्या उमेदवार म्हणून ठाकूर यांना सुमारे तीन हजार मतांनी हरविले. वडील अपक्ष आणि कन्या पक्षाच्या तिकिटावर, हा फरक प्रादेशिक राजकारणाचा बदललेला काळ दाखवितो.

अपक्ष म्हणजे एकाकी, ही समजूत पंडित यांच्या कारकिर्दीने खोटी ठरविली. त्यांचा स्वतःचा पक्ष नव्हता, पण पाड्यापाड्यांतून उभी केलेली संघटना होती. म्हणूनच आमदारकी पाच वर्षांत गेली, तरी वेठबिगाराला मालकासमोर ताठ उभे राहण्यास शिकविणारे काम तिच्या आधीही होते आणि नंतरही राहिले. लोकप्रतिनिधीचे मोल ठरविताना त्याने किती निवडणुका जिंकल्या, याहून त्याच्यामुळे किती माणसांना स्वतःचा हक्क स्वतः मागता आला, हेच मोजले पाहिजे.