गेमिंग संगणकातील उष्णता व्यवस्थापन : हवेच्या प्रवाहाचे महत्त्व

प्रस्तावना :
संगणकाला पुरविलेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. गेमिंग संगणकात हे प्रमाण लक्षणीय असते. इंटेल कोअर आय९-१४९००के हा प्रोसेसर २५३ वॅट, तर एनव्हिडिया आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड ४५० वॅटपर्यंत वीज घेऊ शकते. या प्रोसेसरचे तापमान १०० अंश सेल्सिअसला पोहोचले की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि खेळ अडखळू लागतो. ही उष्णता बाहेर काढण्यात हवेच्या प्रवाहाचे स्थान काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उष्णतेचा मार्ग :
प्रोसेसरची उष्णता थर्मल पेस्टमधून हीटसिंकमध्ये, तेथून हवेत व शेवटी खोलीत जाते. वॉटर कूलरचा रेडिएटरही हवेनेच थंड होतो. त्यामुळे यांपैकी कोणतेही साधन प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. समजा, २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७५ अंशांवर राहतो; तर तेवढ्याच भाराखाली ४२ अंशांच्या खोलीत तो सुमारे ९२ अंशांवर जाईल. विदर्भातील उन्हाळ्यात हा फरक निर्णायक ठरतो.

हवेचे गणित :
संगणकातून ५०० वॅट उष्णता निघत असेल आणि कॅबिनेटमधून जाणारी हवा १० अंशांहून अधिक तापू द्यायची नसेल, तर दर सेकंदाला सुमारे ४५ लिटर हवा आरपार जावी लागते. जाळीवरील धुळीमुळे प्रवाह निम्मा झाल्यास हीच वाढ २० अंशांची होते. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात असेल, तर बाहेर पडलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते.

उपाययोजना :
१) पुढील पंख्यांनी हवा आत घ्यावी, मागील व वरील पंख्यांनी ती बाहेर सोडावी.
२) कॅबिनेट मोकळ्या जागी, भिंतीपासून अंतर राखून ठेवावे.
३) जाळी नियमित स्वच्छ करावी. डेझर्ट कूलरचा ओलसर झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये. ओलाव्याने धूळ घट्ट बसते.
४) पडद्याचा रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ असल्यास खेळाची फ्रेमसंख्याही ६० वर मर्यादित करावी. त्यामुळे मुळातच उष्णता कमी निर्माण होते.

निष्कर्ष :
महागडा कूलर उष्णता नाहीशी करत नाही, केवळ तिची जागा बदलतो. म्हणून मर्यादित खर्चात संगणक घेणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम हवेची वाट मोकळी करावी. कूलरवरील खर्चाचा विचार त्यानंतर करणे श्रेयस्कर ठरते.