झगमगाटामागचे हात

‘फॅशन’ हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर येतात ते प्रकाशझोत, चिंचोळा मंच आणि त्यावरून ऐटीत चालणाऱ्या मॉडेल्स. मात्र या झगमगत्या जगात एक दालन असेही आहे, जेथे आजही यंत्रापेक्षा हाताला अधिक मान आहे. ते म्हणजे पॅरिसचे ‘ओत कुतूर’. या फ्रेंच शब्दांचा अर्थ अगदी साधा आहे : उच्च दर्जाचे शिवणकाम. या शिवणकामाचे रूप दीडशेहून अधिक वर्षांत कसे पालटत गेले आणि त्यात मुंबईच्या कारागिरांचा वाटा काय, हे जाणून घेणे उद्बोधक ठरेल.

शिंपी झाला कलावंत

ग्राहकाने कापड आणावे, हवे ते सांगावे आणि शिंप्याने निमूटपणे शिवावे, ही जुनी रीत. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज गृहस्थाने १८५८ मध्ये पॅरिसला आपली पेढी थाटली आणि ही रीतच उलटी केली. नमुने तो स्वतः ठरवी, जिवंत मॉडेलच्या अंगावर ते दाखवी आणि चित्रकाराने चित्रावर सही करावी तशी कपड्याला आपल्या नावाची पट्टी लावी. १८६८ मध्ये या व्यवसायाची संघटना स्थापन झाली, तर १९४५ मध्ये ‘ओत कुतूर’ या नावाला फ्रान्समध्ये कायद्याचे संरक्षण लाभले. पॅरिसमध्ये स्वतःची कार्यशाळा, तीत पूर्णवेळ कारागीर, ग्राहकाच्या मापाबरहुकूम शिवण आणि वर्षातून दोनदा नव्या नमुन्यांचे सादरीकरण, अशा अटी पाळणाऱ्यांनाच हे नाव वापरता येते.

ग्राहक घटले, प्रतिष्ठा टिकली

फेब्रुवारी १९४७ मध्ये क्रिस्तियां दिओर यांनी भरपूर घेराचे, लांब झगे सादर केले. युद्धकाळातील कापडटंचाईने गांजलेल्या युरोपात त्यांचे कौतुक झाले, तशीच उधळपट्टी म्हणून टीकाही झाली. पुढे १९६६ मध्ये इव्ह सां लोरां यांनी तयार कपड्यांचे दुकान काढले आणि वारे बदलले. मापाने शिवून घेणारे ग्राहक रोडावले, कित्येक पेढ्या बंद पडल्या. आज मोठ्या पेढ्यांची मिळकत मुख्यत्वे सुगंधी द्रव्ये, चामड्याच्या पिशव्या व तयार कपडे यांतून होते. ओत कुतूर हे त्या नावाची प्रतिष्ठा राखणारे तोरण ठरले आहे.

मुंबईची आरी

या प्रतिष्ठेचा एक धागा मुंबईतून जातो. लाकडी चौकटीवर ताणलेले कापड, खाक्याने उमटवलेली नक्षी, वरच्या हातात आरी आणि खालून दोरा पुरवणारा दुसरा हात. अशा रीतीने मणी व टिकल्या जडवणारे कारागीर अनेक वर्षे युरोपातील पेढ्यांसाठी भरतकाम करीत आले आहेत. मात्र कपड्यावरच्या पट्टीवर नाव असते ते पॅरिसचे.

हे मौन अलीकडे सुटू लागले आहे. जानेवारी २०२० मधील पॅरिसच्या ओत कुतूर सप्ताहाचे राहुल मिश्रा यांना निमंत्रण मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय रचनाकार. ३० मार्च २०२३ रोजी दिओर पेढीने गेटवे ऑफ इंडियासमोर आपला संग्रह सादर केला, तेव्हा मागे मुंबईच्या चाणक्य संस्थेतील कारागिरांनी भरलेले भव्य तोरण झळकत होते आणि त्या संस्थेचे नाव जाहीरपणे घेतले गेले.

प्रश्न दामाचा

नाव मिळाले, पण दामाचे काय? २०१६ मध्ये काही युरोपीय कंपन्यांनी मुंबईतील भरतकाम कारखान्यांतील सुरक्षितता व कामाची स्थिती सुधारण्यासाठी ‘उत्थान’ नावाचा करार केला. तरीही २०२० मध्ये वृत्तपत्रांतून कोंदट जागा, लांबलेले तास व अपुरी मजुरी यांची वर्णने आलीच. करारापेक्षा कारागिराच्या हाती पडणारी रक्कम अधिक बोलकी असते.

पूर्वी फॅशनमध्ये झग्याची लांबी बदले, घेर बदले. आज हा कपडा कोणी भरला, त्याला काय मिळाले, असे ग्राहकही विचारू लागले आहेत. दीडशे वर्षांपूर्वी शिंप्याने आपल्या नावाची पट्टी लावली आणि त्याचे मोल वाढले. आरी धरणाऱ्या हातालाही ते मोल मिळाले, तरच या शिवणकामाला ‘उच्च’ म्हणणे सार्थ ठरेल.