किल्ल्याचे माप आणि मावळ्याचे माप

दिवाळीत मालवणच्या एखाद्या अंगणात मुलांनी सिंधुदुर्ग करायला घेतला, की तटाशेजारी बाजारातला मातीचा मावळा उभा राहतो आणि तो तटापेक्षा उंच! असला तट शत्रू सहज ओलांडील. चूक कलेची नव्हे, मापाची.

१६६४ साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेल्या या जलदुर्गाचा तट सुमारे ३ किलोमीटर लांब, ३० फूट उंच. माणूस साडेपाच फूट, म्हणजे ६६ इंच धरा. मावळा समजा ३ इंचांचा. ६६ भागिले ३, उत्तर २२. प्रमाण झाले एकास बावीस. याच हिशेबाने तट सोळा इंच उंच हवा आणि लांबी १३६ मीटर! एवढे अंगण आणायचे कोठून? बरे, एकास पाचशे धरले, तर तट ६ मीटर लांब, पाऊण इंच उंच. माणूस मात्र तांदळाच्या कणीएवढा.

तेव्हा ताळा असा पाहावा : खऱ्या वस्तूचे माप प्रतिकृतीच्या मापाने भागावे, दोन्ही इंचांतच घेऊन. तट, दरवाजा, माणूस, तिन्हींचे उत्तर एकच आले पाहिजे.

मुलांना मोठे मावळेच हवेत ना? मग सबंध किल्ल्याचा हट्ट सोडा. मुख्य दरवाजा आणि लगतचे बुरूज तेवढे करा. थोडेच होईल, पण तटाची खरी उंची मुलांना कळेल.