पोलादी तुळया आणि भिंतीची कड

शाळागृहे, समाजमंदिरे व गोदामे यांची छपरे पोलादी तुळयांवर पेलण्याची पद्धत ग्रामीण भागात रूढ आहे. तुळईचे माप ठरविताना काळजी घेतली जाते. परंतु ती काँक्रीटच्या भिंतीवर जेथे टेकते, त्या कडेकडे अनेकदा दुर्लक्ष होते. वस्तुतः छपराचा भार भिंतीत उतरतो तो याच वीतभर जागेतून.

भाराखाली तुळई मध्यभागी किंचित वाकते आणि तिचा भार भिंतीच्या आतील कडेवर एकवटतो. कडेचा बाहेरचा थर सळ्यांच्या पलीकडे असल्याने त्याला बांधून ठेवणारे काही नसते. परिणामी तेथे तिरपी भेग पडते व काँक्रीटचा कपचा निखळतो.

भारतीय मानक ४५६ (सन २०००) अनुसार, सुरक्षा-गुणक लावलेल्या भाराखाली असा दाब काँक्रीटच्या निर्धारित ताकदीच्या ०.४५ पटीपर्यंत ग्राह्य असतो. एम-२० प्रतीच्या काँक्रीटसाठी तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ९० किलोग्रॅम होतो. तुळईखाली २० सें.मी. चौरस, पुरेशी जाड पोलादी पट्टी असल्यास ती जागा सुमारे ३६ टन भार पेलते. पट्टी नसेल आणि १० सें.मी. रुंदीची तुळई केवळ अडीच सें.मी. कडेवर टेकली असेल, तर हीच क्षमता सव्वादोन टनांवर येते. भिंत तीच, काँक्रीटही तेच! म्हणूनच पट्टी कडेपासून थोडी आत बसवावी व तिच्याखाली पोकळी न ठेवता मसाला भरावा.

जुन्या इमारतीत प्रथम तुळईखालील भेगा, गंजाचे डाग व निखळलेले कपचे पाहावेत. हातोडीने हलकेच ठोकल्यावर पोकळ आवाज आल्यास आतील थर सुटला आहे असे समजावे. रिबाउंड हॅमर केवळ पृष्ठभागाचा अंदाज देतो. शिवाय कडेपासून २० मि.मी.च्या आत तो वापरता येत नाही. शंका राहिल्यास त्याच काँक्रीटचे किमान तीन गाभा-नमुने, तुळईखालची जागा टाळून, काढावेत. त्यांची सरासरी ताकद निर्धारित ताकदीच्या ८५ टक्के असावी व एकही नमुना ७५ टक्क्यांखाली नसावा.

कपचा निखळलेला दिसल्यास नुसता गिलावा करून तो झाकू नये. त्याने दोष दिसेनासा होतो, दूर होत नाही. प्रथम तुळईला भक्कम टेकू द्यावा, खालची खोली रिकामी करावी व अभियंत्यास पाचारण करावे. ज्या छपराखाली मुले बसतात, त्याबाबत एवढी दक्षता हे ग्रामपंचायत व शिक्षक या दोघांचेही कर्तव्य होय.