गांजा, रोगी आणि सहकार

गांजा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चिलीम, धुनी आणि राख फासलेला बैरागी येतो. त्याच गांजासाठी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कर्करोगाच्या नि एड्सच्या रोग्यांनी मंडळे काढली आणि ती चालू द्यावीत म्हणून नगरपालिकांशी वर्षानुवर्षे झगडा केला, असे सांगितले तर पुष्कळांना ती थट्टा वाटेल. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले. आम्ही वैद्य नव्हे, वकीलही नव्हे. संघटनेच्या कामात जे कायदे वाचावे लागले तीच आमची शाळा. पण वाचत गेलो तसे हे प्रकरण ओळखीचे वाटू लागले.

गांजाने कर्करोग बरा होतो असे कोणी समजू नये. मळमळ थांबते, भूक लागते, काही दुखणी सुसह्य होतात, एवढेच. पण ज्याच्या पोटात अन्नाचा कण ठरत नाही त्याला एवढे पुष्कळ असते. सान फ्रान्सिस्कोत १९८० नंतर एड्सने तरुण माणसे झिजून मरू लागली, तेव्हा मेरी जेन रॅथबन नावाची एक म्हातारी गांजा घातलेले केक भाजून सरकारी इस्पितळातील रोग्यांना फुकट वाटीत असे. ही बाई हॉटेलात वाढपिणीचे काम केलेली. पोलिसांनी तिला एकदा नव्हे, तीनदा पकडले. तिचा सहकारी डेनिस पेरॉन याचा जोडीदार १९९० साली एड्सनेच गेला. पुढच्याच वर्षी पेरॉनने शहरात लोकमत घेवविले, आणि १९९६ च्या नोव्हेंबरात सबंध राज्याने सुमारे ५६ टक्के मतांनी कायदा केला की, डॉक्टरने शिफारस केलेल्या रोग्याला व त्याची शुश्रूषा करणाऱ्याला गांजा बाळगता व लावता येईल.

आता यातील मेख पाहा. कायद्याने लावायची मोकळीक दिली; पण अंथरुणाला खिळलेल्याने लावायचा कसा? बी पेरल्यापासून फुलोरा वाळेपर्यंत तीन-चार महिने सहज जातात. तेवढा काळ काहींच्या हाती नसतो. तेव्हा एकाची जमीन, दुसऱ्याचे हात, तिसऱ्याचे पैसे असे एकत्र करून सभासदांनी सभासदांपुरते पीक काढायचे, ही युक्ती निघाली. आपल्याकडे इर्जिक घालतात, त्यातलाच प्रकार. २००३ साली संमत होऊन २००४ च्या जानेवारीपासून अमलात आलेल्या कायद्याने अशा सामुदायिक लागवडीला संरक्षण दिले, मात्र नफ्याला मुभा दिली नाही.

सांताक्रूझचे मंडळ या बाबतीत नमुनेदार. १९९३ साली व्हॅलेरी कोरल आणि तिचा नवरा माइक यांनी ते काढले. मोटार अपघातानंतर तिला फेफरे येऊ लागले होते. सभासद बहुतेक असाध्य रोगांचे. ज्याला जमेल त्याने मळ्यात राबावे, न जमेल त्याला फुकट मिळावे. ५ सप्टेंबर २००२ रोजी केंद्र सरकारच्या शिपायांनी पहाटे धाड घालून उभे पीक कापले, नवराबायकोला पकडून नेले. सभासदांनी मोटारी आडव्या लावून शिपायांची वाट अडवली. आम्ही याला घेराव म्हणतो. पण कुबड्या घेऊन आलेल्यांचा घेराव आम्ही ऐकला नव्हता. बाराच दिवसांनी, नगराध्यक्षांच्या देखत, नगरपालिकेच्या प्रांगणात रोग्यांना गांजा वाटला गेला! पुढे शहर व जिल्हा दोघेही मंडळाच्या बरोबरीने केंद्र सरकारविरुद्ध कोर्टात गेले.

सगळीच गावे अशी निघाली नाहीत. केंद्राचा कायदा राज्याच्या कायद्याला जुमानत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ व २००५ साली ठरविले होतेच. शिवाय गावात गांजाचे वाटपकेंद्र नकोच, असे नगरपालिका ठरवू शकते, असा निकाल राज्याच्या वरिष्ठ कोर्टाने २०१३ साली दिला. म्हणून खरी लढाई नगरपालिकेच्या सभागृहातच होई. मंडळवाले म्हणत, शाळेपासून अंतर ठरवा, वेळा ठरवा, वह्या तपासा, पण बंदी घालू नका. पन्नास मैल मोटार हाकणे रोग्याला झेपत नाही. विरोधकांचे म्हणणेही अगदीच पोकळ नव्हते. कित्येक मंडळे म्हणजे निव्वळ दुकाने होती; दारात पावती फाडली की गिऱ्हाईक सभासद झाले. बोगस सोसायट्या आपल्याला नव्या नाहीत. आमचे मत असे की, खोट्या सोसायटीवर उपाय म्हणजे कसून तपासणी. खऱ्या सोसायटीला टाळे लावणे नव्हे. ओकलंडमध्ये २०१० साली या धंद्यातील नोकरांनी अन्नविक्री कामगारांच्या युनियनमध्ये नाव घातले, हे आम्हांला विशेष आवडले. जेथे हजेरीपट आणि वेतनपत्रक आहे तेथे हिशेब लपवणे अवघड जाते.

आपल्या १९८५ च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसती पाने त्यातून वगळलेली, म्हणून शिवरात्रीची भांग निराळ्या कायद्याखाली येते. व्याख्येच्या एका ओळीवर किती माणसांचे नशीब फिरते, ते यावरून दिसेल.

कॅलिफोर्नियात २०१६ साली लोकमताने गांजा सर्वच प्रौढांना मोकळा झाला, नि २०१८ पासून परवानेवाली दुकाने निघाली. मंडळे जिंकली असे वाटेल. पण झाले उलटेच. जुन्या मंडळांचे कायदेशीर संरक्षण जानेवारी २०१९ मध्ये संपले. परवान्याची फी भांडवलवाल्यांना परवडली, फुकट वाटणाऱ्यांना नाही. फुकट दिलेल्या मालावरही कर लागू झाला. त्यावर पुन्हा अर्जविनंत्या, पुन्हा चकरा. त्याच वर्षी रोग्यांना दान दिलेला गांजा करमुक्त करणारा कायदा झाला, त्याला पेरॉन आणि रॅथबन यांचे नाव दिले आहे. ती १९९९ साली वारली, तो २०१८ च्या जानेवारीत. परवान्यावाचून दुसऱ्यासाठी लावण्याची सवलत उरली ती शुश्रूषा करणाऱ्याला, आणि तीही फार तर पाच रोग्यांपुरती.