उपग्रहाचें चित्र व शेतकऱ्याचें शेत

जमिनीची मोजणी साखळीनें होत असे, तेव्हां एक साखळी लांब व एक साखळी रुंद एवढ्या जागेस गुंठा म्हणत. ही साखळी ३३ फुटांची. म्हणून गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आज साखळी मागें पडली असून शेंकडों मैल उंचीवरून फिरणारे उपग्रह आपल्या शिवाराचीं चित्रें घेत आहेत. कोणत्या गांवांत कोणतें पीक किती उभें आहे, तें जोमदार आहे कीं करपलें आहे, याचे अंदाज या चित्रांवरून बांधले जातात. आणि त्या अंदाजांचा संबंध आतां पीकविम्याच्या भरपाईशींही येऊं लागला आहे. तेव्हां ही विद्या काय आहे आणि तिच्यावर किती विसंबावें, हें शेतकरी बंधुभगिनींनीं समजून घेणें अगत्याचें झालें आहे.

या विद्येचीं मुख्य अंगें दोन. पहिलें अंग म्हणजे नकाशा व माहिती यांची सांगड. एकाच गांवच्या नकाशावर गटांच्या हद्दी, जमिनीचा पोत, विहिरी, ओढे व पिकें यांचे निरनिराळे थर एकावर एक ठेवावयाचे, आणि मग संगणकास विचारावयाचें कीं, काळ्या जमिनीचे, ओढ्यालगतचे व विहीर नसलेले गट कोणते? उत्तर तात्काळ मिळतें. या पद्धतीस भौगोलिक माहिती प्रणाली म्हणतात. तिचा उगमही जमिनीच्या प्रश्नांतूनच झाला. १९६० नंतरच्या दशकांत कॅनडाच्या सरकारास आपल्या विस्तीर्ण मुलखांतील कोणती जमीन शेतीस व कोणती अरण्यास योग्य हें ठरवावयाचें होतें. हातानें नकाशे काढून तें काम आटोपण्यासारखें नव्हतें. रॉजर टॉमलिन्सन या भूगोलज्ञानें तें संगणकाकडून करून घेण्याची योजना आखली.

दुसरें अंग दूरसंवेदनाचें. निरोगी हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें आणि डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणांत परत फेंकतें. पीक रोगानें किंवा पाण्याच्या ताणानें खंगलें म्हणजे या दोहोंतील अंतर कमी होतें. उपग्रह हेंच अंतर मोजतो. आपल्या देशांत या विद्येचा आरंभ नारळाच्या झाडांपासून झाला, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. सुमारें १९७० सालीं प्रो. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखालीं केरळांतील नारळीच्या बागांचीं अवरक्त छायाचित्रें आकाशांतून घेऊन रोगट झाडें हुडकण्याचा प्रयोग झाला.

यापुढील प्रगति आपल्या गुंठ्याच्या मापानें पाहूं. १९७२ सालीं अमेरिकेनें सोडलेल्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांतील एक ठिपका सुमारें ८० मीटर लांबरुंद, म्हणजे दीड एकराहून थोडा मोठा होता. १९८८ सालच्या आपल्या आयआरएस-१ए या उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका ७२.५ मीटरांचा, म्हणजे सव्वा एकराहून थोडा अधिक होता. २०१५ पासून युरोपनें सोडलेल्या सेंटिनेल-२ मालिकेंतील उपग्रहांचा ठिपका १० मीटरांचा, म्हणजे १०० चौरस मीटर आहे. आणि आपला गुंठा १०१ चौरस मीटरांचा! एकंदरींत, आजचा उपग्रह शेत गुंठ्यागुंठ्यानें पाहतो. दोन उपग्रह मिळून दर पांच दिवसांनीं त्याच जागेवरून जातात आणि त्यांचीं चित्रें कोणासही विनामूल्य मिळतात.

तथापि आपल्याकडे मोठी अडचण ढगांची. खरिपाचें पीक वाढीस लागतें त्याच महिन्यांत आभाळ भरलेलें असतें, आणि प्रकाशावर चालणाऱ्या कॅमेऱ्यास ढगाखालचें कांहींच दिसत नाहीं. यावर उपाय रडारचा. त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात व रात्रींही काम करितात. भारत व अमेरिका यांनीं मिळून तयार केलेला निसार हा रडार-उपग्रह ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोटा येथून सोडण्यांत आला. बारा दिवसांनीं त्याच जागेवर परत येण्याची त्याची योजना असून पिकें व जमिनींतील ओल यांचा अभ्यास हें त्याचें एक काम आहे.

जमिनीवरही बदल होत आहेत. २०२१ सालीं केंद्र सरकारनें नकाशे करण्यावरील बरींच जुनीं बंधनें उठविलीं व २०२२ सालीं राष्ट्रीय भूस्थानिक धोरण जाहीर केलें. २०२० सालीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत गांवठाणांची मोजणी ड्रोननें होते. शेताच्या मोजणीस रोव्हर नांवाचें यंत्र आलें असून तें उपग्रहांच्या संकेतांवरून बांधाचें स्थान कांहीं सेंटिमीटरांपर्यंत सांगतें. महाराष्ट्रांत १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणींत शेतकऱ्यास आपल्या पिकाची नोंद छायाचित्रासह मोबाईलवरून स्वतः करितां येते.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत २०२३ च्या खरिपापासून भात व त्यापुढें गहू या पिकांचें उत्पन्न ठरवितांना दूरसंवेदनाच्या अंदाजास किमान ३० टक्के वजन देण्याचें धोरण केंद्र सरकारनें स्वीकारलें; बाकीचा आधार पीककापणी प्रयोगांचा. म्हणजे उपग्रहाच्या अंदाजांतील चूक ही आतां केवळ विद्वानांची बाब राहिलेली नसून ती शेतकऱ्याच्या पदरांत पडणारी आहे. आणि चुकीस जागा पुष्कळ आहे. भाऊवाटपानें ६६ फूट रुंदीच्या पट्ट्या झालेल्या असतात. तेवढ्या रुंदींत दहा मीटरांचे दोनच ठिपके मावतात, आणि ते बांधाशीं जुळले नाहींत तर एकच निर्भेळ राहून उरलेल्यांत शेजाऱ्याचें पीक मिसळतें. सोयाबिनांत तूर घेतली असेल तर सप्टेंबरच्या चित्रांत सोयाबीन दिसतें व डिसेंबरच्या चित्रांत तूर. एकाच चित्रावर निर्णय केल्यास एक पीक हिशेबांतून सुटतें. एखाददुसऱ्या शेताच्या बाबतींत असें झालें तर फारसें बिघडत नाहीं. परंतु सबंध मंडळांत अशीं शेतें पुष्कळ असलीं तर अंदाजच ढळतो.

संगणक पीक ओळखतो तो जन्मजात ज्ञानानें नव्हे. प्रत्यक्ष जाऊन पाहिलेल्या शेतांचे नमुने दाखवून त्यास शिकवावें लागतें. नमुने चुकीचे, तर ओळखही चुकीची. येथेंच शेतकऱ्याचें स्थान महत्त्वाचें ठरतें. कारण आपल्या शेतांत काय पेरलें आहे हें त्याच्याइतकें निश्चित दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येकानें पीक पाहणीची नोंद मुदतींत व आपल्याच गटांत उभें राहून करावी. मिश्र पीक असल्यास दोन्ही पिकें नोंदवावीं. नोंद सात-बारावर उतरली कीं नाहीं तें पाहावें. पेरणीची तारीख, पावसाचा खंड व काढणीचें वजन एका वहींत लिहून ठेवावें. गांवांत पीककापणी प्रयोग होत असेल तेव्हां तेथें आवर्जून हजर राहावें. पांचदहा शेतकऱ्यांच्या अशा वह्या एकत्र आल्या तर गांवचें म्हणणें आधारासहित मांडतां येईल.

उपग्रहास शत्रु मानण्याचें कारण नाहीं. एका माणसास वर्षभर फिरून जें दिसणार नाहीं, तें त्यास एका फेरींत दिसतें. परंतु त्यास दिसतो तो रंग. त्या रंगाचें नांव सांगणारा साक्षीदार बांधावरच उभा असतो. त्यानें आपली साक्ष वेळेवर व खरी द्यावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.