परसातला ओवा : गुण आणि मर्यादा

‘डॉक्टर, रात्री ओवा खाल्ला, पण बरं वाटलं नाही.’ रेणापूरच्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य नेहमी ऐकू येते. ओवा गुणी आहे खरा, पण त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी हे ठाऊक हवे.

आधी ओळख करून घेऊ. अंगणातल्या कुंडीत जाड, लवदार पानांचे जे झुडूप असते तो पानओवा. तो तुळशीच्या कुळातला. त्याच्या पानांची भजी छान होतात, पण मसाल्याच्या डब्यातला ओवा त्याला येत नाही. डब्यातला ओवा कोथिंबीर आणि बडीशेपेच्या कुळातला.

हा ओवा परसात सहज येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरावा. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून वाफा थोडा उंच करावा. बी बारीक असते; ते वाळूत मिसळून वरवर टाकावे, खोल पुरू नये. रोपे वर आली की विरळणी करावी आणि पाणी बेताने द्यावे. पुढे पांढऱ्या फुलांच्या छत्र्या येतात. त्या तपकिरी झाल्या की कापून सावलीत वाळवाव्यात, मग हाताने चोळून दाणे काढावेत आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत. उघडा ठेवल्यास वास उडतो, आणि गुण वासातच असतो.

ओव्यात शेकडा २ ते ४ भाग उडून जाणारे तेल असते. त्यातले मुख्य द्रव्य थायमॉल, म्हणजेच बाजारात मिळणारे ओव्याचे फूल. ओव्याच्या अर्काने आतड्याचे आवळलेले स्नायू सैल होतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. जड जेवणाने पोट फुगले तर अर्धा चमचा ओवा चिमूटभर मिठाबरोबर चावून वर कोमट पाणी प्यावे. भजी, थालीपीठ, पुऱ्या यांत तर तो हवाच.

आता मर्यादा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचे दूधच पुरे. ओव्याचे पाणी देऊ नये. बाळाला ओव्याची धुरी देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्या धुराने कोवळ्या फुप्फुसांना त्रासच होतो. गरोदर बाईने स्वयंपाकातला ओवा खावा, पण औषध म्हणून काढे घेऊ नयेत.

शेवटी एक अनुभव. पन्नाशीतले एक शेतकरी पहाटे माझ्याकडे आले. रात्री छाती भरून आली, घाम सुटला, डावा हात दुखू लागला. गॅस समजून त्यांनी चार वेळा ओवा चावला होता. तो हृदयविकाराचा झटका होता. त्यांना लगेच लातूरला पाठवले. जीव वाचला, पण उशिरामुळे हृदय कायमचे दुबळे झाले. आज त्यांना नांगरामागे चालवत नाही.

म्हणून सांगतो, छातीत दाटले, घाम सुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर ओव्याची बरणी शोधू नका. १०८ क्रमांक फिरवा आणि दवाखाना गाठा. ओवा जेवणानंतरच्या पोटफुगीसाठी आहे, हृदयासाठी नाही.